अप, डाऊन, लूप आणि मालगुजारीण

रत्नाकर गावंडे मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले त्याला एकोणीस दिवस झाले होते, आणि या एकोणीस दिवसांत घरातल्या सहा कोंबड्यांपैकी एकीनंही त्यांची दखल घेतली नव्हती. ज्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय अठ्ठावन्न डबे जागचे हलत नसत, ते रायपूरच्या गुढियारीतल्या स्वतःच्या घरामागच्या बाडीत जाऊन उभे राहिले तर एक मान वर होत नव्हती. उलट विनीताबाईंची चप्पल स्वयंपाकघरात नुसती वाजली, तरी सहाच्या सहा जणी मागच्या दाराशी धावत यायच्या. सगळ्यांत पुढे मालगुजारीण.

मालगुजारीण ही तांबूस रंगाची, अंगानं भरलेली आणि स्वभावानं जमीनदार कोंबडी होती. तिचा तुरा डावीकडे कलंडलेला असे. ती चालायची ती सारा वसूल करायला निघाल्यासारखी. आधी ती खायची, मग बाकीच्या पाच. तिनं पाय उचलला की वाट मोकळी व्हायची. अशी वट रत्नाकररावांना चौतीस वर्षांच्या नोकरीत फक्त कंट्रोल ऑफिसच्या साहेबांची दिसली होती.

विसाव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं मूठभर कनकी, म्हणजे तांदळाची कणी, टाकून पाहिली. मालगुजारीण आली, कनकी संपवली आणि त्यांच्या चपलेवर आपला अभिप्राय ठेवून निघून गेली.

"ओळख नाई ठेवत तुझ्या कोंबड्या," ते आत येऊन म्हणाले.

"वीस दिवसांत कशी ठेवतीन?" विनीताबाई पोळी उलटत म्हणाल्या. "चौतीस वर्षं तुमी घरी आले का झोपले, अन् उठले का डबा घेऊन गेले. कोंबड्यायचं सोडा, शेजारच्यायले वाटे का मी पोट्टं घेऊन एकलीच रायते."

हे खरं होतं, म्हणूनच रत्नाकररावांना लागलं. दुसऱ्या दिवशी ते कांकेरच्या बसमध्ये बसले. तिथं त्यांचा एक जुना सहकारी कोंबड्या पाळून होता. संध्याकाळी परतले तेव्हा हातात टोपली होती आणि टोपलीत तीन कडकनाथ. पिसं काळी, पाय काळे, चोच काळी, तुरासुद्धा काळा. कोळशाच्या वॅगनमधून उतरल्यासारख्या दिसत होत्या.

"ह्या कोणाच्या?" विनीताबाईंनी विचारलं.

"माझ्या."

हा शब्द त्यांनी या घरात आजवर दोनच वस्तूंसाठी वापरला होता, अंगावरचा गणवेश आणि गार्डाची पेटी. विनीताबाईंनी तो नीट ऐकून ठेवला. गेल्या तीन आठवड्यांचा जमाखर्च त्यांच्या मनात तयारच होता. टीव्ही नवऱ्याच्या ताब्यात गेला. पडवीतली खुर्ची गेली. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर 'तूर', 'मूग', 'रिकामा' अशा चिठ्ठ्या लागल्या. उरली होती ती बाडी. पंधरा पावलं लांब, दहा पावलं रुंद, एक लिंबाचं झाड, एक शेवगा आणि सहा कोंबड्या. या घरात विनीताबाई आता कोणाला न विचारता काही करायच्या अशी ती एकच जागा होती, आणि आता तिथंही टोपली येऊन टेकली होती.

"सोडून नका देऊ लगेच," त्या म्हणाल्या. "माह्या तिले फाडून खातीन."

"मले शिकवून राहिली का?" रत्नाकरराव म्हणाले. "उभ्या गाडीले नवीन वॅगन जोडायची तं धक्का नाई द्यायचा. हळू आणायची, टेकवायची, जरा थांबायचं, मंग कपलिंग. आठ दिवस जाळीतून बघतीन एकमेकीले. मंग जाळी काढू."

पद्धत बरोबरच होती, कोंबड्या पाळणाऱ्या कोणीही हेच सांगितलं असतं. त्यामुळे विनीताबाईंना आणखी राग आला. चुकीचं बोलणाऱ्या नवऱ्याला उत्तर देता येतं. बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं?

जुनी मच्छरदाणी लिंबापासून भिंतीपर्यंत ताणली गेली. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला तीन. तिघींची नावं ठेवण्यात आली, अप, डाऊन आणि लूप. लूप सगळ्यांत लहान होती आणि सगळ्यांना वाट देऊन बाजूला उभी राहायची, म्हणून लूप. मग रत्नाकररावांनी पडवीतली प्लास्टिकची खुर्ची आणून दोन्ही बाजू दिसतील अशी मांडली. ती नेमकी जुन्या कोंबड्यांच्या अंडी घालायच्या टोपल्यांसमोर आली, पण गार्डाला गाडी दिसली पाहिजे, टोपल्या नव्हेत. गळ्यात शिट्टी, मांडीवर वही. कोण कोणाकडे किती वेळ बघतं, ते लिहायचं.

सूनबाई शर्मिष्ठा नवा रायपुरात एका ऑफिसात होती. मुलगा बिलासपूरला नोकरीला, शनिवारी यायचा. शर्मिष्ठा जन्मानं मराठी, शिकली रायपुरात. सासूचं सगळं तिला समजायचं आणि उत्तर हिंदीत यायचं. सकाळी स्कूटी काढताना तिनं जाळीवरून नजर टाकली.

"आई, पापा मुर्गियों की ड्यूटी लगा रहे हैं क्या?"

"लगावू दे. मले काय करायचं?" विनीताबाई म्हणाल्या आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी काय काय करायचं नाही ते सांगितलं. "सकाळी उठला माणूस का पहिले तिकडे. 'अप, झोप झाली का?' 'डाऊन, पाणी पेली का?' मले चौतीस वर्षांत एकडाव नाई विचारलं का पाणी पेली का म्हणून. अन् पाय, चणे देऊन राह्यले. भिजवलेले. माह्या कोंबड्या जन्मभर कनकी खाऊन अंडी देऊन राहिल्या, त्यायच्या महाराण्यायले चणे."

"जलन हो रही है आपको?"

"मले? कोंबडीची?" विनीताबाई हसल्या. पण शर्मिष्ठा गेल्यावर त्यांनी दोन वाट्या चणे भिजत घातले. रत्नाकररावांच्या डब्यातलेच, वर 'चणे' अशी त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी असलेल्या.

दुसऱ्या दिवशी जाळीच्या डावीकडे चणे पडले आणि उजवीकडेही. रत्नाकररावांनी ते पाहिलं आणि बाजारातून पिकलेली पपई आणली. विनीताबाईंनी चण्यांत गूळ घातला. रत्नाकररावांनी पपईवर जवस भुरभुरला. चौथ्या दिवशी विनीताबाईंच्या बाजूला दहीभात होता. घरातल्या माणसांना त्या दिवशी सकाळची भाजी संध्याकाळी गरम करून मिळाली. शर्मिष्ठानं ताटाकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं आणि विचारलं की तिकडे एखादी जागा रिकामी आहे का.

सहाव्या दिवशी अंडी बंद झाली.

रोज तीन-चार मिळायची. आधी दोन झाली, मग एक, मग टोपल्यांत नुसता पेंढा. विनीताबाईंनी टोपल्या झटकून पाहिल्या, शेवग्याखाली पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं.

"तुझ्या कोंबड्या संपावर गेल्या," खुर्चीतून आवाज आला.

"तुमची नजर लागली त्यायले."

"मी बघतच नाई तिकडे. मी माझ्याकडे बघून राहिलो."

"मंग तुमच्या काहून नाई देत?"

"त्या नवीन आहेत. प्रवास झाला. ट्रेनिंग पीरियड आहे त्यायचा."

विनीताबाईंनी टोपली खाली ठेवली. बाडीत हुकूम कोणाचा चालतो हे अंड्यांवरून ठरत असेल, तर आज कोणाचाच चालत नव्हता, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. रत्नाकररावांना त्या चेहऱ्याचा थोडा आनंद झाला. नंतर जरा वाईट वाटलं. मग लूपनं त्यांच्या बुटाच्या नाडीला चोच मारली आणि ते दोन्ही विसरले.

आठवा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार निघाला. घरात पूजा होती, शर्मिष्ठानं त्यासाठी रजा घेतली होती. दुपारी हळदीकुंकवाला शेजारच्या भीमाबाई आल्या. भीमाबाईंची आणि गावंड्यांची बाडी एकाच खांद्याएवढ्या भिंतीनं वेगळी झालेली. भीमाबाईंनी दोनदा कोंबड्या पाळून पाहिल्या होत्या आणि दोन्ही वेळा मांजरानं त्या आपल्या नावावर करून घेतल्या. तेव्हापासून भिंतीपलीकडच्या सहा कोंबड्यांकडे त्या एका ठराविक नजरेनं बघत. त्यांनी कुंकू लावून घेतलं, प्रसाद घेतला आणि म्हणाल्या, "वैनी, एक बोलू? राग नका मानू."

या वाक्यानंतर राग न येण्याची सोय नसते.

"तुमच्याकडे स्कूटी आली, तिले हळदीकुंकू. फ्रिज आला, त्याले हळदीकुंकू. मागं गॅसची नवीन शेगडी आली, तिलेबी बोट लावलं तुमी. अन् मार्गशीर्षात घरात तीन जित्या लक्ष्म्या आल्या, तं त्या जाळीत. लोक म्हणून राहिले का गावंडीणबाईले पाहवलं नाई."

"कोण म्हणून राहिलं?"

"मी नाई बा. लोक."

त्या गल्लीत लोक म्हणजे कोण, हे विनीताबाईंना ठाऊक होतं. ते आत्ता समोर बसून शेवटचा पेढा निवडत होते. पण ठाऊक असून उपयोग नव्हता. आपला जळफळाट झाला असं कोणी म्हणण्यापेक्षा त्यांना सहाच्या सहा कोंबड्या गेल्या तरी चाललं असतं. त्या उठल्या. पूजेचं ताट उचललं, निरांजनात तेल घातलं आणि बाडीकडे निघाल्या.

"अवो, धरा तुमच्या त्या तिघीयले. माह्या घरात आल्या, तं रीतीनं येतीन."

रत्नाकरराव खुर्चीतून उठले. त्यांना भरून आलं. आठ दिवसांत बायकोनं त्यांच्या कोंबड्यांकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं होतं. त्यांनी एकेकीला उचलून समोर धरलं. विनीताबाईंनी हळद लावली आणि वर कुंकू. इतरांना लावतात तसं बोटभर नाही, भरघोस. कंजूषपणा केला असं उद्या कोणी म्हणायला नको. काळ्याभोर डोक्यावर ते लाल कुंकू असं काही उठून दिसलं की शर्मिष्ठानं मोबाइल काढला. भीमाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ओवाळणं झालं. रत्नाकररावांनी शिट्टी वाजवली, मच्छरदाणीचा दोर सोडला आणि म्हणाले, "कपलिंग."

सहा कोंबड्यांनी माना वर केल्या. आठ दिवस ज्या तिघींना त्या बघत होत्या, त्या काळ्या होत्या. या तिघींच्या डोक्यावर लाल होतं. ताजं, ओलं, चकचकीत लाल. कोंबडीच्या जगात अंगावर असं लाल दिसलं की त्याचा अर्थ एकच असतो: कुठंतरी फाटलंय, चोच मारून बघू.

मालगुजारीण पुढे आली. तिनं अपच्या कपाळाकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, आणि मारली. बाकीच्या पाच जणी तेवढ्याच परवानगीची वाट बघत होत्या. अप ओरडली, डाऊन खुर्चीखाली घुसली, लूप पूजेच्या ताटातलं निरांजन उलटवून पळाली. चोच बसली की रक्त यायचं, रक्त आलं की आणखी लाल व्हायचं, आणखी लाल झालं की आणखी चोची यायच्या.

"पाय, पाय, तुझ्या गुंडिणी," रत्नाकरराव ओरडले. "शिकवून ठेवलं तू त्यायले."

"मी शिकवलं? मी आत्ता ओवाळलं."

"रोको ना पापा," शर्मिष्ठा मोबाइल न थांबवता म्हणाली.

रत्नाकरराव आत धावले. चौतीस वर्षं गाडीवर संकट आलं की त्यांचा हात एकाच जागी जायचा, आणि तो आत्ताही तिथंच गेला. पेटीतून त्यांनी लाल झेंडा काढला आणि बाडीच्या मधोमध उभं राहून जोरात फडकवला. शिट्टी तोंडात होतीच.

लाल झेंडा म्हणजे थांबा, हे अठ्ठावन्न डब्यांना कळतं. कोंबड्यांना एवढंच कळलं की आकाशातून काहीतरी मोठं आणि फडफडणारं आलं. सहाच्या सहा जणी उडाल्या आणि भिंतीपलीकडे गेल्या. भिंतीपलीकडे खाट होती. खाटेवर पांढरं धोतर अंथरलेलं होतं आणि धोतरावर भीमाबाईंनी दोन दिवस कोहळा किसून, उडदाची डाळ फेटून घातलेली रखिया बडी वाळत होती. ती अजून वरून कडक आणि आतून ओली होती, म्हणजे पाय रुतायला अगदी योग्य.

पुढचं भीमाबाईंच्या तोंडचं सगळं इथं देता येणार नाही. सारांश असा, की बडी गेली, धोतर गेलं, शेजार गेला, आणि यापुढे गावंड्यांच्या घरातलं माणूस किंवा पाखरू त्यांच्या दारात दिसलं तर ते शिजेल. त्यांनी दार लावून घेतलं. पेढा मात्र हातातच होता.

तासाभरात पाच कोंबड्या एकामागून एक भिंतीवरून परतल्या. मालगुजारीण आली नाही.

विनीताबाईंनी भिंतीपाशी उभं राहून हाका मारल्या, चप्पल वाजवून पाहिली. भीमाबाईंनी आतूनच सांगितलं, "इकडं नाई. अन् असली तरी मी सांगणार नाई." मागच्या गल्लीत मालधक्क्याचे ट्रक उभे असतात, कुत्री असतात. चार वाजले, पाच वाजले.

तोवर शर्मिष्ठानं मोबाइलवर शोधून काढलं होतं. "आई, रेड दिखने से मारती हैं. ब्लड समझती हैं. कुंकू की वजह से हुआ सब." तिनं ओल्या फडक्यानं तिघींची डोकी पुसली आणि मच्छरदाणी गोळा करून बाजूला टाकली. जुन्या पाच जणींनी पुन्हा काळी झालेली ती डोकी पाहिली, काही विशेष नाही असं ठरवलं आणि कनकी टिपू लागल्या. तिघी दूर कोपऱ्यात उभ्या राहिल्या. भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. त्या दिवशी घरातही हीच परिस्थिती होती.

विनीताबाईंनी अपच्या कपाळाला हळद आणि तेल लावलं. मग हात धुतले, कनकीचा डबा उचलला आणि तो रत्नाकररावांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या."

"हे काय?"

"बाडी. तुमचीच झाली आता. मी नाई येत उद्यापासून तिकडे."

उपास सोडायच्या वेळी त्यांनी ताट वाढलं, सगळ्यांना दिलं आणि स्वतः पाणी पिऊन उठल्या. रत्नाकररावांच्या मांडीवर डबा तसाच होता. जवळजवळ महिनाभर त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मिळाल्यावर त्याचं वजन किती असतं ते कळत होतं. त्यांच्या आता लक्षात आलं की गाडी घेऊन ते पाच-पाच दिवस बाहेर असत, तेव्हा ही बाई संध्याकाळी इथं बसून कोणाशी तरी बोलत असणार. ते कोण, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. ते सारा वसूल करायला निघाल्यासारखं चालणारं, डावीकडे तुरा पाडलेलं काहीतरी होतं, आणि त्यांनी ते झेंडा दाखवून हाकललं होतं.

शुक्रवारी सकाळी ते चहा न घेता बाहेर पडले. मालधक्का झाला, रेल्वे लाइनच्या कडेची झोपडपट्टी झाली, शेजारचे दोन पारे, म्हणजे मोहल्ले, पालथे घातले. "तांबडी कोंबडी पाह्यली का भैया?" एकानं विचारलं, "जिंदा कि बनी हुई?" ते पुढे गेले. एका गोदामाच्या चौकीदारानं तीन कोंबड्या दाखवल्या आणि तीनपैकी हवी ती ओळखून न्या म्हणाला. तांबडी, भरलेली, चालण्यात थोडा रुबाब. इतक्या वर्षांत विनीताबाईंची साडी बदलली तर त्यांच्या ध्यानात येत नसे, पण आज त्यांनी तिन्ही कोंबड्या खाली वाकून पाहिल्या. तिन्ही मालगुजारीण नव्हत्या. शेवटी गुढियारीच्या बाजारात, पाय सुतळीनं बांधलेल्या कोंबड्यांच्या ओळीत त्यांना ती दिसली. तोच रंग, तोच बांधा. त्यांनी दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी जरा कमी नीट बघितलं.

दुपारी बारा वाजता ते घरी आले. सदऱ्यावर पिसं, मनगटावर दोन ओरखडे, एक चप्पल तुटलेली.

"घे तुझी मालगुजारीण. मालधक्क्यावर होती. पोत्यायच्या मागं."

विनीताबाई दारात आल्या. त्यांना एका नजरेत तीन गोष्टी दिसल्या. तुरा उजवीकडे कललेला. वय वर्षानं कमी. आणि दोन्ही पायांवर सुतळीचे ताजे वळ. त्यांनी तोंड उघडलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो माणूस कोंबडीला दोन्ही हातांनी असं धरून उभा होता, जसं लहान मूल हॉस्पिटलातून घरी आणतात. आणि त्याच्या डोळ्यांत ती भीती होती, जी विनीताबाईंनी एकदाच पाहिली होती: मुलगा झाला त्या सकाळी.

"हव," त्या म्हणाल्या. "तीच हाय."

"तीच ना?"

"मी सांगून राहिली ना. थकली दिसते. आणा इकडे."

दोघं बाडीत गेले. रत्नाकररावांनी तिला जपून खाली ठेवलं. त्याच वेळी भिंतीपलीकडे पावलं वाजली आणि भीमाबाईंचं डोकं वर आलं. नंतर त्यांचे हात वर आले. हातात मालगुजारीण होती, आणि ती अत्यंत संतापलेली होती.

"ही घ्या तुमची," भीमाबाई म्हणाल्या. "माझ्या पैऱ्याच्या ढिगात, धानाच्या पेंढ्यात बसली होती, खुडूक होऊन. हात लावू देत नव्हती. खाली अकरा अंडी निघाली. तुमच्या साऱ्याच येऊन घालत होत्या तिथं. आता टोपल्यायसमोर खुर्ची टाकून कोणी शिट्टी वाजवत बसलं, तं कोणती बाई..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

आठ दिवसांची अंडी अकरापेक्षा बरीच जास्त व्हायला हवी होती. उरलेली भीमाबाईंच्या तव्याला विचारावी लागली असती. पण रखिया बडीचा विषय ताजा होता, म्हणून कोणी तव्याला विचारलं नाही आणि भीमाबाईंनीही बडीचं नाव काढलं नाही. शेजार असाच टिकतो.

मालगुजारीण भिंतीवरून खाली उतरली. आणि मग भीमाबाईंना दुसरी मालगुजारीण दिसली.

"अन् ही कोण, वैनी?"

रत्नाकरराव तुटक्या चपलेकडे बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. विनीताबाईंनी पदर खोचला.

"ही नवीन. मीच आणायले सांगतली होती यायले."

"काल तं भांडण होतं म्हणते तुमचं."

"कोण म्हणते?"

"लोक," भीमाबाई म्हणाल्या. आणि त्यांना राहवलं नाही. "बरं, मंग ही कोणाच्या वाट्याची? तुमच्या का भाऊच्या?"

रत्नाकररावांनी कनकीचा डबा बायकोपुढे केला. विनीताबाईंनी त्यातून मूठभर घेतली आणि डबा परत त्यांच्याच हातात ठेवला.

"पाय सुजले तिचे," त्या हळूच म्हणाल्या. "चणे हाय का भिजवलेले?"

"आहेत. पपईबी आहे अर्धी."

"आणा मंग. अन् दही संपलं असंन तं शर्मिष्ठाले फोन करा, येताना आणन म्हणा."

ते चणे आणायला गेले, पपई घेऊन आले. दोघं त्या नव्या, परक्या, सुतळीचे वळ असलेल्या कोंबडीसमोर गुडघे टेकून बसले. एकीकडून चणे, दुसरीकडून पपई. ती बावरून कधी इकडे चोच मारायची, कधी तिकडे. "हळू, हळू," रत्नाकरराव म्हणत होते. "पाणी पे आधी," विनीताबाई म्हणत होत्या.

कनकीचा डबा उघडाच राहिला होता, पण त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. मालगुजारीण लिंबाखाली उभी होती. तिच्या एका बाजूला अप, दुसऱ्या बाजूला डाऊन. मागे बाकीच्या पाच, आणि त्यांच्यात कुठेतरी दाटीवाटीनं लूप. जुन्या कोणत्या नि नव्या कोणत्या, हे आता नुसत्या रंगावरूनच सांगता आलं असतं. नऊच्या नऊ जणी माना एकाच बाजूला तिरप्या करून, खांद्याला खांदा लावून, त्या दहावीकडे बघत होत्या.